झोपेसाठीचं होमिओपॅथिक औषध घ्यावं का? पैसे देण्याआधीच्या तपासण्या, क्रमाने

झोपेच्या होमिओपॅथिक गोळ्या घेणारे बहुतेक जण चुकतात ते क्रमात. आधी बाटली घरी येते, तीन-चार रात्री गोळ्या घेऊन बघितल्या जातात आणि मग 'गुण आला' किंवा 'काही उपयोग नाही' असा निकाल लागतो. हे दोन्ही निकाल कच्चे. झोप रोज सारखी नसते, तिचे बरे-वाईट आठवडे आलटून पालटून येतात. माणूस औषध शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा औषध घेतलं तरी आणि न घेतलं तरी बहुधा बरा जातो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय बाटलीला मिळतं.

म्हणून खालच्या पायऱ्यांत खरेदी सगळ्यात शेवटी ठेवली आहे. माझं मत लपवत नाही: जास्त पोटेन्सीच्या (म्हणजे मूळ पदार्थ खूप वेळा पातळ करून केलेल्या) झोपेच्या गोळ्यांवर पैसे घालवावेत असं वाटायला लावणारा पुरावा नाही. पण ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठीही हाच क्रम कामाचा आहे, कारण यात शेवटी स्वतःच्या झोपेवर नीट परीक्षा घेण्याची पद्धतही दिली आहे.

हाताशी काय ठेवायचं: एक वही. सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात काढे, सप्लिमेंट आणि सर्दीच्या गोळ्याही धरा. घ्यायच्या औषधाच्या लेबलचा सगळ्या बाजूंनी काढलेला फोटो. परीक्षेपर्यंत जायचं असेल तर मदतीला एक विश्वासू माणूस.

## पायरी १: हा प्रश्न गोळीने सुटण्यातला आहे का?

खालीलपैकी काही असेल तर औषधाची निवड बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

- मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं शेजारी झोपणाऱ्याने पाहिलेलं असणं, सकाळी डोकं जड आणि दिवसभर पेंग. हा स्लीप ॲप्निया असू शकतो.
- अंथरुणात पडल्यावर पायांत विचित्र शिरशिरी, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं. यामागे अनेकदा शरीरातलं लोह कमी झालेलं असतं आणि ते रक्ततपासणीत कळतं.
- उदासी, कशातच रस न वाटणं, जगू नये असे विचार. इथे वाट बघायची नाही, आजच कुणाशी तरी बोलायचं.
- झोप बिघडण्याच्या सुमारास नवं औषध सुरू झालेलं असणं. स्टेरॉइड, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या आणि काही अँटीडिप्रेसंट झोप उडवतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री उठावं लागतं.
- आठवड्यातून किमान ३ रात्री आणि असं ३ महिने चाललेलं असणं. वैद्यकशास्त्र याला जुनाट निद्रानाश म्हणतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ते पायरी ६ मध्ये.

सावधान: डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी 'आता होमिओपॅथी सुरू केली' म्हणून एकदम बंद करू नका. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेऊन अचानक थांबवल्या तर झोप आणखी उडते, आणि काहींना आकडीही येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायच्या असतात.

## पायरी २: दोन आठवडे झोपेची नोंद, औषधाविना

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि तिच्यावाचून पुढचं काहीच मोजता येत नाही. रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा: अंथरुणात कधी गेलो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, मध्ये एकूण किती वेळ जाग होती, शेवटची जाग किती वाजता आली आणि अंथरूण कधी सोडलं. शेजारी चहा-कॉफीची शेवटची वेळ, मद्य आणि दुपारची झोप यांची खूण करा.

एक रात्र घेऊन बघू. ११ वाजता अंथरुणात. ११:५० ला डोळा लागला. मध्ये ४० मिनिटं जाग. ६ वाजता कायमची जाग, पण ७ वाजेपर्यंत कूस बदलत लोळणं. अंथरुणातला वेळ ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं. डोळा लागल्यापासून शेवटच्या जागेपर्यंत ३७० मिनिटं, त्यातून ४० वजा केली की झोप ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. ३३० भागिले ४८०, सुमारे ६९ टक्के. झोपतज्ज्ञ याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात आणि साधारण ८५ टक्क्यांच्या वर असेल तर ठीक मानतात.

अशा नोंदी दोन आठवडे सलग दिसल्या तर दुखणं बऱ्यापैकी उघड होतं: झोप साडेपाच तासांची आणि अंथरूण आठ तासांचं. उरलेले अडीच तास टक्क जागं राहून मेंदूला एकच सवय लागते की अंथरूण म्हणजे जागायची जागा. ही सवय मोडायला गोळी लागत नाही, अंथरुणातला वेळ आवरावा लागतो.

दुसरी गोष्ट कॉफीच्या रकान्यात दिसते. कॅफिनचा अंमल अर्ध्यावर यायला साधारण ५ तास लागतात, काही जणांना याहून बराच जास्त वेळ लागतो. संध्याकाळी ६ ची कॉफी रात्री ११ ला निम्मी शिल्लक असते. कॉफीच्या बियांपासून केलेल्या होमिओपॅथिक गोळ्या (कॉफिया) झोपेसाठी घ्यायच्या आणि संध्याकाळची कॉफीही चालू ठेवायची, अशी जोडी दुर्मिळ नाही.

नेहमीच्या चुका: रात्री उठून घड्याळ बघत नोंद करणं (त्यानेच झोप जाते, सकाळी अंदाज पुरतो). वाईट रात्रीच तेवढ्या लिहिणं. मनगटावरच्या घड्याळाचे आकडे प्रमाण मानणं. नुसतं निपचित पडून राहिलात तर ते त्यालाही झोप समजू शकतं.

तपासणी: चौदाच्या चौदा दिवसांच्या ओळी भरल्या का? कॉफी, मद्य किंवा अंथरुणातला जादा वेळ यांपैकी काही स्पष्ट दिसत असेल तर आधी तेच दुरुस्त करून आणखी दोन आठवडे बघा. बरेच जण इथेच थांबतात, कारण पुढे जायची गरज उरत नाही.

## पायरी ३: बाटलीत आहे ते होमिओपॅथिकच आहे का?

'नैसर्गिक', 'वनस्पतिजन्य' आणि 'होमिओपॅथिक' हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. लेबल नावाने वाचू नका, घटकांच्या यादीने वाचा.

- वनस्पतीच्या नावापुढे मिलिग्रॅम लिहिलेले असतील, उदाहरणार्थ व्हॅलेरियनचा अर्क अमुक मिलिग्रॅम, तर ते वनौषधी उत्पादन आहे. त्याला वेगळे निकष लागतात.
- नावापुढे ६एक्स, ३०सी, २००सी अशी खूण असेल तर ते होमिओपॅथिक विरलन आहे, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ केलेला पदार्थ. युरोपात एक्सऐवजी डी लिहितात.
- 'क्यू' किंवा 'मदर टिंक्चर' असेल तर तो वनस्पतीचा अल्कोहोलमधला मूळ अर्क आहे. नाव होमिओपॅथीचं, पण आत खरोखर वनस्पती आहे आणि ती शरीरावर काम करू शकते.
- यादीत मेलाटोनिन किंवा झोप आणणारं दुसरं एखादं नेहमीचं औषध मिलिग्रॅममध्ये असेल, तर परिणाम झालाच तर तो बहुधा त्याचा. मग तेच सुटं घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारणं सरळ.

एकाच बाटलीत चार-पाच घटक वेगवेगळ्या पोटेन्सीत असतात. प्रत्येकाची ओळ वहीत वेगळी उतरवा.

## पायरी ४: पोटेन्सीचं गणित स्वतः करा

एक्स म्हणजे दर टप्प्याला १० पट पातळ करणं, सी म्हणजे १०० पट. पुढचा आकडा म्हणजे किती टप्पे. एवढं कळलं की बाकी शून्यं मोजायचं काम.

- ३एक्स: हजारात एक भाग.
- ६एक्स: दहा लाखांत एक भाग.
- ६सी: १ वर १२ शून्यं, इतक्यात एक भाग.
- १२सी: १ वर २४ शून्यं.
- ३०सी: १ वर ६० शून्यं.

इथे रसायनशास्त्रातला अव्होगाड्रोचा आकडा कामी येतो. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये (रसायनशास्त्रातलं एक माप) सुमारे ६ वर २३ शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे १२सीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादाही रेणू उरण्याची शक्यता संपत येते. ३०सीच्या गोळीत उरते ती साखर, आणि गोळी भिजवताना वापरलेलं अल्कोहोल उडून गेल्यावरचा कोरडेपणा.

होमिओपॅथीत जास्त विरलन म्हणजे जास्त 'पॉवर' असं मानतात. त्यामुळे २००सी मागताना लोक 'जरा स्ट्राँग द्या' म्हणतात आणि पदरात ३०सीपेक्षाही पातळ वस्तू पडते.

एक कल्पित लेबल घेऊ: कॉफिया क्रूडा ३०सी, इग्नेशिया २००सी, पॅसिफ्लोरा ३एक्स, हायोसायमस ६एक्स, बाकी सुक्रोज, म्हणजे साखर. कॉफिया म्हणजे न भाजलेली कॉफी, ३०सीमध्ये तिचा अंश नाही. इग्नेशिया मूळची विषारी बी, पण २००सीमध्ये तीही नाही. पॅसिफ्लोरा हजारात एक भाग, म्हणजे चिमुकल्या गोळीत नाममात्र. हायोसायमस ही विषारी वनस्पती, ती दहा लाखांत एक भाग. इतक्या कमी प्रमाणात ती सहसा निरुपद्रवी, पण पूर्ण शून्य नव्हे. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं 'चार शक्तिशाली घटक'. तुमच्या वहीत मात्र आलं: दोन गैरहजर, दोन नावापुरते.

तपासणी: प्रत्येक घटकापुढे 'आहे', 'नावापुरता' किंवा 'नाही' असं लिहून झालं का? सगळ्यांपुढे 'नाही' आलं असेल तर तुम्ही जे विकत घेणार आहात ती साखरेची गोळी आहे, हे मान्य करूनच पुढे चला.

## पायरी ५: दावे आणि पुरावे वेगळे करा

निद्रानाश आणि होमिओपॅथी यांवरच्या प्रयोगांचा २०१० साली आढावा घेतला गेला. त्यात औषधाची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या कोऱ्या गोळीशी, तुलना करणाऱ्या चार चाचण्या होत्या. चारही लहान, दर्जाने कच्च्या, आणि एकीतही दोन गटांमधला फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. महत्त्वाचं असं की त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत दोन्ही गटांची झोप सुधारली, म्हणजे कोऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचीही. 'मला फरक पडला' असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात, ते यामुळेच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये वेगवेगळ्या आजारांसाठीचा पुरावा तपासला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

आता पाकिटावरची भाषा:

- 'नोंदणीकृत', 'परवानाप्राप्त': बनवायची आणि विकायची परवानगी. गुण येतो याचा दाखला नव्हे. युरोपीय संघाच्या सोप्या नोंदणीत तर परिणामकारकतेचा पुरावा मागतच नाहीत, आणि म्हणून अशा उत्पादनावर कुठल्या आजारासाठी ते छापायचीही मुभा नसते. अमेरिकेची औषधांवर नियंत्रण ठेवणारी संस्था एफडीए, हिने एकाही होमिओपॅथिक उत्पादनाला मान्यता दिलेली नाही.
- 'वैद्यकीय चाचणीत सिद्ध': हेच उत्पादन, याच पोटेन्सीत तपासलं होतं का? समोर प्लासिबोचा गट होता का? माणसं किती? एका प्रश्नाचंही उत्तर मिळत नसेल तर ही ओळ रद्द समजा.
- 'आधी त्रास वाढेल, मग कमी होईल': इथे कान टवकारा. झोप सुधारली तर औषध लागू पडलं, बिघडली तरी लागू पडतंय. हरूच शकत नाही असा दावा तपासता येत नाही.
- ग्राहकांचे अभिप्राय: वेळ घालवू नका.

## पायरी ६: जोखीम, आणि त्याच पैशात दुसरं काय

३०सीची साखरगोळी अपाय करणार नाही. अपाय होतो तो उशिराने, म्हणजे ॲप्निया किंवा नैराश्य असताना महिनोन्महिने गोळ्या चघळत बसण्याने. खालच्या पोटेन्सीची गोष्ट निराळी. बाळांच्या दात येण्याच्या त्रासावर विकल्या जाणाऱ्या होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमीजास्त, आणि काहींत लेबलपेक्षा खूपच जास्त आढळल्याचं एफडीएने २०१७ मध्ये जाहीर केलं. तेव्हा बेलाडोना किंवा हायोसायमस कमी पोटेन्सीत असेल तर मुलांना देऊ नका.

मदर टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं. गर्भवती, मद्य सोडलेले, डायसल्फिराम (मद्य सोडवण्यासाठीचं औषध) घेणारे यांनी ते टाळावं. झोपेच्या किंवा चिंतेच्या दुसऱ्या गोळ्यांसोबत गुंगी आणणाऱ्या वनस्पतींचे थेंब घेऊन गाडी चालवू नये.

खर्चाचा हिशेब बाटलीवर करू नका, रात्रीवर करा. बाटलीत २५० गोळ्या, झोपताना ४ आणि जाग आली की आणखी ४, म्हणजे रात्रीला ८. बाटली महिनाभर पुरली. बाटलीच्या किमतीला १२ ने गुणा. त्या वर्षाच्या रकमेशेजारी निद्रानाशासाठीच्या सीबीटीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीचा खर्च मांडा. ती साधारण सहा ते आठ बैठकांत संपते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून हीच सुचवली, गोळ्यांच्याही आधी. अंथरुणातला वेळ आवरणं, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसणं आणि रोज ठरलेल्या वेळी उठणं हा तिचा कणा. पहिले काही दिवस दिवसा जास्त पेंग येते. त्यामुळे आकडीचा किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी ती तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये.

## पायरी ७: तरीही घ्यायचंच असेल, तर आंधळी परीक्षा

आंधळी म्हणजे कुठल्या आठवड्यात खरी गोळी आणि कुठल्या आठवड्यात कोरी, हे तुम्हाला ठाऊक नसतं. ही फक्त जास्त पोटेन्सीच्या साखरगोळ्यांसाठी. मदर टिंक्चर चवीने ओळखू येतं, आणि त्याची जोखीमही वेगळी.

१. सगळ्यात लहान बाटली घ्या. तेवढ्याच आकाराच्या, औषध न घातलेल्या कोऱ्या गोळ्या मिळवा. होमिओपॅथिक औषधं विकणाऱ्यांकडे त्या असतात. नुसतं अल्कोहोल टाकून वाळवलेल्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर वासावरून ओळख पटते.

२. मदतनीसाला ८ सारख्या डब्या द्या, १ ते ८ आकडे घातलेल्या. एक डबी एका आठवड्याची. १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या. प्रत्येक जोडीत एक डबी औषधाची, एक कोरी. कुठली आधी ते नाणं उडवून ठरवायचं. कुठल्या डबीत काय, ही किल्ली कागदावर लिहून पाकीट बंद. तुम्ही त्या वेळी खोलीत नको.

३. सुरू करण्याआधीच वहीत लिहा: किती फरक पडला तर मी मानेन? उदाहरणार्थ, 'डोळा लागायचा सरासरी वेळ किमान २० मिनिटांनी कमी'. हे नंतर ठरवलंत तर जे आलं त्यालाच यश म्हणाल.

४. आठही आठवडे रोजची नोंद पायरी २ प्रमाणेच. कॉफी, उठायची वेळ, दुसरी औषधं यांत बदल नको.

५. पाकीट उघडण्याआधी प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा, आणि खरी डबी कुठली हा अंदाजही लिहून ठेवा. मग उघडा.

चारही जोड्यांमध्ये औषधाचाच आठवडा सरस ठरणं हे निव्वळ योगायोगाने १६ पैकी एकदा घडू शकतं. म्हणून तसं झालं तर परीक्षा पुन्हा एकदा करा, लगेच वर्षभराचा साठा भरू नका. दोन-दोन किंवा तीन-एक असा निकाल आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

होमिओपॅथ यावर म्हणतील की औषध माणूस बघून निवडायचं असतं, आणि त्याचा अंमल पुढच्या आठवड्यातही रेंगाळतो. पहिला आक्षेप खरा मानला, तर तो 'झोपेसाठी' म्हणून सगळ्यांना सरसकट विकल्या जाणाऱ्या तयार बाटलीवरच उलटतो. दुसऱ्यासाठी प्रत्येक डबीनंतर एक आठवडा मोकळा सोडा. परीक्षा लांबेल, बाकी काही बिघडणार नाही.

सावधान: परीक्षा चालू असताना पायरी १ मधलं काही दिसलं तर वही मिटा आणि डॉक्टर गाठा.

## पायरी ८: निर्णय

सगळ्या घटकांपुढे 'नाही' आणि परीक्षा करायची तयारी नसेल, तर घेऊ नका. नावापुरते किंवा खरोखर घटक असतील आणि तुम्ही दुसरी औषधं घेत असाल, तर आधी लेबलचा फोटो डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा. परीक्षेत फरक दिसला नाही तर बाटली संपवायच्या भरीला पडू नका; 'घेतलीच आहे तर' या हिशेबानेच दुसरी बाटली येते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या आणि घेतलेल्या गोळ्यांचं नाव, पोटेन्सी, किती दिवस घेतल्या हे लपवू नका. 'साखरेच्याच तर होत्या' म्हणून लोक सांगत नाहीत, आणि त्यात एखादं मदर टिंक्चर निघतं.